बोटांचा व्यायाम, तारेचा नाद

गिटार शिकणाऱ्या मुलांची एक ठरलेली तक्रार असते : ‘माझ्या गिटारीतून तसा आवाज येत नाही.’ तसा म्हणजे ध्वनिमुद्रणातल्यासारखा. तक्रारीपाठोपाठ उपायही ठरलेलेच असतात. महागडी गिटार घ्यावी, नाहीतर एखादे विद्युत उपकरण जोडावे. शाळेच्या संगीतकक्षात एखादी जुनी, स्वस्तातली गिटार असली तर तिच्याकडे मग कोणी फिरकत नाही.

या तक्रारीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक म्हणजे बोटांचा क्रम आणि दुसरी तारेतून निघणाऱ्या नादाची जाती. एकाच उंचीचा, सारख्याच मोठेपणाचा स्वर बासरीवर आणि सतारीवर वेगळा ओळखू येतो, तो ज्या गुणामुळे, तिला आपल्या संगीतशास्त्रात नादाची जाती म्हणतात. या दोन गोष्टी सुट्या करून पाहिल्या तर पैशाचा प्रश्न बराच मागे पडतो. त्यासाठी आपण एकच गाणे घेऊ : ‘डस्ट इन द विंड’.

हे गाणे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरात उभ्या राहिलेल्या, ‘कॅन्सस’ हेच नाव घेतलेल्या रॉक वाद्यवृंदाचे. १९७७ सालच्या ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ या ध्वनिमुद्रिकेत ते प्रथम आले आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. या मंडळींची एरवीची ख्याती लांबलचक, गुंतागुंतीच्या, विजेच्या वाद्यांनी भरलेल्या रचनांची; हे गाणे मात्र लाकडी गिटारीच्या तारा बोटांनी छेडून उभे राहते. ते जन्मले कसे हेही शिक्षकांनी ऐकावे असे आहे. संगीतकार केरी लिव्हग्रेन बोटांनी तारा छेडण्याची सवय व्हावी म्हणून स्वतःच रचलेला एक व्यायाम घरी घोकत बसला होता. तो ऐकून पत्नीने सुचवले, ही सुरावट चांगली आहे, हिला शब्द दे. म्हणजे आज जगभरचे विद्यार्थी ज्या गाण्यासाठी व्यायाम करतात, ते मुळात व्यायामच होते.

त्या व्यायामाची बांधणी पाहिली की याची खात्री पटते. गिटारीच्या सहा तारांपैकी सर्वांत बारीक ती पहिली. आपले लक्ष दुसऱ्या तारेवर हवे. ती मोकळी वाजवली की बी हा स्वर मिळतो, पहिल्या पडद्यावर दाबली की सी, आणि तिसऱ्या पडद्यावर डी. गाण्याच्या आरंभीची सुरावट या तीन स्वरांपलीकडे जात नाही. पहिल्या सोळा पायऱ्यांत दुसऱ्या तारेवर काय वाजते ते लिहून काढू :

सी बी डी सी, बी डी सी बी, डी सी बी डी, सी बी डी सी.

स्वल्पविराम काढून टाका. ‘सी बी डी, सी बी डी’ असे तीन स्वरांचे एकच चक्र सलग फिरते आहे, दुसरे काही नाही. मात्र खालचा आधारस्वर दर चार पायऱ्यांनी बदलतो : चार पायऱ्या सी, चार पायऱ्या ए, पुन्हा चार सी, पुन्हा चार ए. तीनाचे चक्र चाराच्या चौकटीत टाकले की दर चौकटीची सुरुवात निराळ्या स्वरावर होते. पहिली सी वर, दुसरी बी वर, तिसरी डी वर, आणि चौथी पुन्हा सी वर. सोळा म्हणजे पाच त्रिके आणि वर एक. त्यामुळे ज्या सी वर आरंभ केला त्याच सी वर सोळावी पायरी येऊन थांबते. त्रितालाच्या सोळा मात्रांत तीनाचा हिशेब बसवणे आपल्या तबलजींना नवे नाही. लसावि शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घ्यायला हरकत नाही. चक्र तीनाचे आणि आधाराची फेरी आठाची, तेव्हा दोन्ही जिथून निघाली तिथे नेमकी एकत्र कधी येतील? चोविसाव्या पायरीनंतर. रचनाकार मात्र सोळावरच थांबतो, कारण तेवढ्यात कानाचे समाधान झालेले असते.

गिटारीच्या पुस्तकांत या आरंभासाठी सहा कॉर्डची सहा नावे छापलेली असतात आणि नवशिका ती पाहूनच घाबरतो. प्रत्यक्षात वरचे स्वर तीन आणि खालचे आधार दोन. तीन दुणे सहा. डाव्या हाताला त्यासाठी अगदी थोडे काम आहे. सी च्या आधारावर अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आणि मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर स्थिर ठेवायचे. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर ठेवली की सी, उचलली की बी, आणि करंगळी तिसऱ्या पडद्यावर टेकवली की डी. आधार ए झाला की अनामिका पाचवी तार मोकळी सोडून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर जाते. वरचा खेळ तोच राहतो.

स्वर तेच असूनही आधार बदलताच मनावरचा परिणाम बदलतो, त्याचे कारण गुणोत्तरांत आहे. खालचा सी सेकंदाला सुमारे १३०.८ कंपनांचा. वरच्या सी ची कंपने २६१.६, म्हणजे गुणोत्तर २ : १, बी ची २४६.९, जवळजवळ १५ : ८, डी ची २९३.७, जवळजवळ ९ : ४. आता आधार ए म्हणजे ११० कंपनांचा घ्या. त्याच बी चे गुणोत्तर ९ : ४ च्या जवळ जाते, डी चे ८ : ३ च्या, आणि सी चे १२ : ५ च्या. आपल्या भाषेत सांगायचे तर सी ला षड्ज मानले तेव्हा हे स्वर सा, नी, रे होते; ए ला षड्ज मानताच ते कोमल गंधार, रिषभ आणि मध्यम झाले. मूर्च्छनेचे तत्त्व शिकलेल्या विद्यार्थ्याला हे लगेच उमगेल. बिलावलचा धैवत षड्ज केला की आसावरी थाटाचे स्वर मिळतात; इथे नेमके तेच दर चार पायऱ्यांनी घडते. ज्या हुरहुरीबद्दल या गाण्याचे श्रोते बोलतात, तिचा मोठा वाटा या आलटून-पालटून होणाऱ्या षड्जबदलाचा आहे, असे मला वाटते.

आता उजवा हात. या पद्धतीला ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ असे नाव पडले, ते मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) या केंटकी राज्यातील वादकावरून. पद्धत त्याच्या आधीची आहे. केंटकीच्या म्युलेनबर्ग परगण्यातील कोळसाखाणींच्या मुलखात ती हातोहात पसरली आणि आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा तीत मोठा वाटा मानला जातो. तत्त्व सोपे आहे. रॅगटाइम पियानो वाजवणाऱ्याचा डावा हात जसा खर्जाचे ठोके एकाआड एक देतो, तसे ठोके इथे अंगठा दोन जाड तारांवर देतो, आणि बाकीची बोटे वर सुरावट विणतात. चेट ॲटकिन्सची गोष्ट या संदर्भात सांगतात. त्याने तरुणपणी ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकले. हात दिसत नव्हते, तेव्हा एवढे सगळे वाजवायला अंगठा आणि बरीच बोटे लागत असणार असा तर्क करून तो तसे शिकला. ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवी. चुकीच्या तर्कातून ॲटकिन्सची स्वतंत्र शैली तयार झाली आणि पुढच्या पिढ्यांनी तीही उचलली.

सरावासाठी ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असे मोजावे. एक, दोन, तीन, चार या आकड्यांवर अंगठा : पाचवी, चौथी, पाचवी, चौथी तार. ‘एक’वर अंगठ्याबरोबर मधल्या बोटाने दुसरी तारही उचलायची, चिमटा काढल्यासारखी. मग ‘दोन’नंतरच्या ‘आणि’वर मधल्या बोटाने दुसरी तार आणि ‘तीन’नंतरच्या ‘आणि’वर तर्जनीने तिसरी. या धाटणीचा हा एक प्रचलित क्रम आहे. वर सांगितलेल्या एकेका पायरीला अशी एक फेरी द्यावी.

अडचण येते ती अंगठ्याची. बोटे दोन ठोक्यांच्या मध्ये वाजू लागली की अंगठा आपला ठेका सोडून त्यांच्यामागे धावतो. याला हात मंद आहे असे समजू नये. दोन लयींकडे एकाच वेळी जाणीवपूर्वक लक्ष देणे माणसाला फार अवघड जाते. मार्ग असा की एक काम लक्ष न देता होईल इतके मुरवायचे. दोन-तीन दिवस नुसता अंगठा वाजवावा, तोही शेजाऱ्याशी बोलता बोलता. बोलणे अडखळत नसेल आणि ठेकाही चुकत नसेल तर तो मुरला. मग चिमटा जोडावा, मग एक ‘आणि’, मग दुसरा. यापुढे मात्र अंगठा आणि बोटे वेगळी शिकू नयेत. दोहोंची मिळून एकच गुंफण हाताच्या अंगवळणी पडायला हवी. गती इतकी कमी ठेवावी की चूक होणारच नाही, कारण हात चुकीचा क्रमही तितक्याच निष्ठेने पाठ करतो. सलग दोन तासांपेक्षा रोज तीन वेळा दहा-दहा मिनिटे बरी. बोटांच्या क्रमावर झालेल्या प्रयोगांत विश्रांतीनंतर, विशेषतः रात्रीच्या झोपेनंतर, कामगिरी सुधारलेली आढळली आहे. काल संध्याकाळी न जमलेले सकाळी जमते, हा अनुभव वादकांना असतोच.

बोटे चालू लागली की तक्रारीचा दुसरा भाग उरतो : नादाची जाती. इथे तारेचे भौतिकशास्त्र थेट कामाला येते.

तार छेडली की ती एकाच प्रकारे हलत नाही. पूर्ण लांबीने एक कंपन, दोन समान भागांत दुसरे, तीन भागांत तिसरे, अशी अनेक कंपने एकाच वेळी चालतात. पहिल्याचा मूळ स्वर आणि बाकीच्यांचे उपस्वर. मूळ स्वर ११० कंपनांचा असेल तर उपस्वर २२०, ३३०, ४४० असे चढत जातात. कोणत्या उपस्वराला किती वाटा मिळेल, हे तार कोठे छेडली यावर ठरते. नियम थॉमस यंगच्या काळापासून माहीत आहे. ज्या जागी एखाद्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असतो, म्हणजे ज्या जागी ते कंपन तारेला हलवतच नाही, तिथे छेडल्यास तो उपस्वर उठत नाही.

आकडे पाहू. मूळ स्वराच्या कंपनाचा विस्तार १०० धरा. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसऱ्या उपस्वराचा विस्तार शून्य, तिसऱ्याचा ११, चौथ्याचा शून्य, पाचव्याचा ४. घोडीपासून एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे साधारण गिटारीच्या भोकावर छेडली तर अनुक्रमे ३५, ११, शून्य, ४. आणि घोडीपासून एक दशांशावर छेडली तर ४८, २९, १९, १३. गिटारीच्या तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते, म्हणजे एक दशांश ही जागा घोडीपासून जेमतेम चार बोटांवर आली. मध्यावर नाद गोल आणि मऊ, घोडीजवळ कडक आणि चकाकणारा. दोहोंमधले अंतर हात पसरला तर मावेल एवढे, खर्च शून्य. मूळ ध्वनिमुद्रण ऐकून हात भोकापासून घोडीकडे बोटा-बोटाने सरकवत न्यावा. एका जागी कान ‘हेच’ म्हणतो.

याची परीक्षा कोणत्याही उपकरणाशिवाय वर्गात होते. मोकळी पाचवी तार बाराव्या पडद्यावर, म्हणजे बरोबर मध्यावर, छेडा आणि लगेच त्याच जागी दुसऱ्या बोटाने तारेला हलकेच स्पर्श करा. आवाज जवळजवळ बंद पडेल. स्पर्शामुळे विषम क्रमांकाची कंपने दबली, कारण ती मध्यावर सर्वांत जास्त हलतात. आणि सम क्रमांकाची उठलीच नव्हती. आता तार घोडीजवळ छेडून पुन्हा मध्यावर स्पर्श करा. या वेळी एक सप्तक वरचा स्वर स्वच्छ घुमत राहील, कारण सम कंपने आधीच उठलेली आहेत आणि मध्यावरच्या बोटाचा त्यांना उपद्रव नाही. मुलांना आधी काय होईल ते लिहायला लावून मग प्रयोग करावा. मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारी मोफत ॲप मिळतात, त्यांत हे उपस्वर उभ्या-आडव्या रेघांनी दिसतातही, पण आधी कानाने ऐकू द्यावे.

हाच प्रयोग तंबोऱ्यावर मात्र फसतो, आणि ते फार उद्बोधक आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात हे नोंदवले. वीणा-तंबोऱ्याची तार निस्पंद बिंदूवर छेडली तरी जो उपस्वर उठू नये तोही ठळक वाजतो. कारण तिथली घोडी धारदार नसून रुंद आणि किंचित वक्र असते. तार तिच्या पृष्ठभागावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून उपस्वर नव्याने भरले जातात. मिरजेचे कारागीर जवारी काढताना कानस घेऊन तासतात तो हाच पृष्ठभाग. तंबोऱ्यात नादाची जाती मोठ्या प्रमाणात घोडीवर ठरते. गिटारीत घोडीवरची पट्टी अरुंद, त्यामुळे जबाबदारी छेडणाऱ्या हातावर येते.

कोठे छेडले याइतकेच कशाने छेडले हेही महत्त्वाचे. छेडण्याच्या क्षणी तारेला एक कोन पडतो. नखाने किंवा प्लास्टिकच्या नखीने तो कोन तीक्ष्ण पडतो आणि वरचे उपस्वर भरपूर उठतात. बोटाच्या मांसल भागाने कोन गोलावतो, सुटकाही सावकाश होते, आणि वरचे उपस्वर गळतात. पुष्कळ वादक दोहोंचा मेळ घालतात : तार आधी मांसल भागावरून घसरते आणि शेवटी नखावरून सुटते. म्हणजे नख बोटाच्या टोकापुढे मिलिमीटर-दीड मिलिमीटर हवे. अंगठ्याने मात्र मांसल भाग वापरावा, म्हणजे खर्ज मऊ राहून वरची सुरावट उठून दिसते. ए च्या आधारावर पाचवी मोकळी तार नको तितकी घुमते अशी तक्रार येते. तिचे कारण गिटारीच्या पोटात आहे. मोठ्या आकाराच्या गिटारीतील हवेचा स्वतःचा अनुनाद सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आसपास असतो आणि पाचवी तार ११० ची. भोकाशी तोंड नेऊन खर्जात हळूहळू स्वर चढवत गुणगुणा. एका जागी पेटी आपणहून घुमेल. त्या तारेवर अंगठ्याचा जोर कमी केला की झाले.

तारा जुन्या असतील तर वरच्या सूचनांचा उपयोग निम्मा होतो. गुंडाळीच्या खाचांत घाम आणि मळ साठतो, वरची कंपने आधी विझतात, आणि वजन सगळीकडे सारखे न राहिल्याने पडद्यांवर स्वर बेसूर लागतात. खर्च करायचाच तर आधी इथे करावा.

एवढे करूनही मूळ ध्वनिमुद्रणातली एक चमक आपल्या एका गिटारीतून येत नाही, आणि ती येणारही नाही, कारण तिथे एकापेक्षा जास्त गिटारी आहेत. तीच सुरावट एकावर एक वाजवलेली आहे. दोन वादने कधीच तंतोतंत सारखी नसतात. एकीत तार २२० वेळा आणि दुसरीत २२०.५ वेळा कंपली तर दर दोन सेकंदांनी आवाज किंचित फुगतो-ओसरतो, आणि असे अनेक विस्पंद मिसळून नादाला रुंदी येते. त्यातच एका गिटारीच्या तारा ‘नॅशव्हिल’ पद्धतीने चढवलेल्या आहेत. या पद्धतीत पहिली आणि दुसरी तार नेहमीची ठेवतात. तिसरी ते सहावी या चार तारा काढून त्या जागी बारीक तारा एक सप्तक वर लावतात. १९६ कंपनांची तिसरी तार ३९२ ची होते, ११० ची पाचवी २२० ची.

जाड तारच ताणून सप्तकभर चढवू म्हटले तर ती तुटेल, किंवा गिटारीची मान वाकेल. वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वारंवारतेला चौपट ताण. उलट दर सेंटिमीटरचे वजन एक चतुर्थांश केले तर ताण तोच ठेवून वारंवारता दुप्पट होते. साध्या पोलादी तारेत त्यासाठी व्यास निम्मा पुरतो. बारा तारांच्या गिटारीसाठी मिळणाऱ्या संचात अशा बारीक तारा असतातच. शाळेतल्या त्या जुन्या गिटारीवर त्या चढवाव्यात आणि एका विद्यार्थ्याने साध्या, दुसऱ्याने या गिटारीवर सोळा पायऱ्या एकाच वेळी वाजवाव्यात. बोटे तीच, पडदे तेच. पण आता तिसरी तार पहिलीच्याही वर बोलते, अंगठ्याचे ठोके खर्जातून उठून सुरावटीच्या शेजारी येऊन बसतात, आणि तीन स्वरांचे ते चक्र कोणत्या गिटारीवर चालले आहे हे कानाला सांगता येईनासे होते.